१५ जानेवारीला खेळाडू आणि वस्तादांचा सत्कार: निवड कशी करायची, द्यायचं काय?

कृष्णाकाठ
कराड तालुक्यातलं आमचं मंडळ नोंदणीकृत आहे. राज्य क्रीडा दिनाला, म्हणजे ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा जाधवांच्या जयंतीला, पाच खेळाडू आणि दोन मार्गदर्शक किंवा संघटक यांचा सत्कार ठरलाय. मार्गदर्शकांची निवड फक्त पदकांवर न करता त्यांनी गावासाठी काय केलं यावर करायची आहे. अर्ज २३ आलेत. खेळाडूंमध्ये एक जण व्हीलचेअरवरून भालाफेक करतो. बजेट ६०,०००. प्रश्न तीन: प्रमाणपत्रं खरी का खोटी कसं ओळखायचं, सेवेला गुण कसे द्यायचे, आणि शाल-श्रीफळाऐवजी काय द्यावं? मंडळात यावरून दोन तट पडलेत.

शिट्टी_पंच
आधी प्रमाणपत्रांचं बघा, बाकी सगळं नंतर. 'नॅशनल गोल्ड' असं लिहिलेल्या प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा: हा खेळाडू तिथं पोचला कसा? खऱ्या राष्ट्रीय स्पर्धेला जिल्हा निवड चाचणी, मग राज्य, मग राज्य संघाच्या यादीत नाव अशी वाट असते. शालेय असेल तर जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, तेही १४, १७ किंवा १९ वर्षांखालील गटात. मधल्या पायऱ्यांचे कागद मागा. थेट राष्ट्रीयचंच प्रमाणपत्र असेल आणि खालचं काहीच नसेल, तर ती बहुतेक वेळा पैसे भरून खेळायची खुली स्पर्धा असते. नावात 'फेडरेशन' आणि 'इंडिया' असलं म्हणून संघटना मान्यताप्राप्त होत नाही.

दुसरं म्हणजे गटात स्पर्धक किती होते ते विचारा. तीन जणांत तिसरा आलेलाही कांस्यपदक घेऊन येतो. निकालपत्रक संघटनेच्या संकेतस्थळावर असतं, नसेल तर राज्य संघटनेच्या सचिवांकडून मागवता येतं. प्रमाणपत्रावरचं नाव, वजनगट, तारीख, ठिकाण या चारही गोष्टी निकालपत्रकाशी जुळल्या पाहिजेत. झेरॉक्स चालवू नका, मूळ प्रत बघून परत द्या. क्रीडा आरक्षणाच्या नोकऱ्यांत बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं झाली आहेत, त्यामुळे उद्या तुमच्या स्टेजवरचा फोटो कुणी पुरावा म्हणून पुढं करील हे डोक्यात असू द्या.

आणि खेळाडूंनाही फक्त पदक हाच निकष लावू नका. मोहीच्या धावपटू ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहाव्या आल्या. त्याआधी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला म्हणजे १९८४ च्या पी. टी. उषा. तुमच्या फॉर्मात 'पदक' हाच रकाना असेल तर अशा धावपटूचा अर्ज पहिल्या चाळणीतच गळेल.

लाल_माती
पंचांनी खेळाडूंचं सांगितलं, मी वस्तादांचं सांगतो. सेवा कागदावर मोजता येत नाही असं म्हणतात, पण बरीचशी येते. १०० गुण असे लावा: सातत्य ४० (पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर अर्जच बाद), मुलांची प्रत्यक्ष हजेरी २५, मुली, दिव्यांग आणि वाड्यावस्त्यांवरची मुलं यांना २०, मैदान किंवा तालीम राखणं, पंचगिरी, स्पर्धा भरवणं याला १५.

हजेरी वहीवरून घेऊ नका. समितीतल्या दोघांनी न सांगता, वेगवेगळ्या दिवशी, पहाटे सहाला मैदानावर जायचं. वहीत तीस नावं आणि मातीत अकरा पोरं, असं सर्रास दिसतं. तालमीत गेलात तर कुस्तीचा मातीचा हौद बघा. माती उकरलेली, मऊ आणि ओलसर असेल तर रोज जोर होतोय. वर कडक पापुद्रा धरला असेल तर हौद फोटोपुरता आहे.

लहान मुलांबरोबर, त्यातही मुलींबरोबर काम करणाऱ्या माणसाचा सत्कार करताना पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागाच, आणि चार पालकांशी, त्यातल्या दोन आयांशी, स्वतंत्र बोला. संकोच वाटतो, कबूल. पण तुम्ही हार घातला की पालक डोळे झाकून पोरं सोपवतात, ही जबाबदारी मंडळावर येते.

अजून एक. म्हाताऱ्या वस्तादाचं नाव 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मागं टाकू नका. उदाहरण तुमच्याच तालुक्यातलं, गोळेश्वरचं. खाशाबांचं ऑलिंपिक पदक १९५२ चं, निधन १९८४ ला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात.

(बहुतेक वर्षी १५ तारखेला करीदिन असतो. कुणी कुरकुरलं तर म्हणावं, खाशाबा त्याच दिवशी जन्मले.)

हिशेबनीस
६०,००० चं असं बसवा. सात जणांना प्रत्येकी ५,००० म्हणजे ३५,०००. स्मृतिचिन्ह ७०० प्रमाणे ४,९००. फ्रेम केलेलं मानपत्र ३५० प्रमाणे २,४५०. मंडप, खुर्च्या, स्पीकर ९,०००. दीडशे लोकांचा चहा-पोहे माणशी ३५ प्रमाणे ५,२५०. उरतात ३,४००, ते खेळाडूंच्या एसटीभाड्याला ठेवा. शाल-फेटा यात बसत नाही, आणि बसवूही नये. एक फेटा बांधायला तीन-चार मिनिटं धरा. सात सत्कारमूर्ती आणि नऊ पाहुणे म्हटलं की तासभर तिथंच गेला.

पैसे पाकिटात देऊ नका. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच खात्यावर पाठवा, म्हणजे स्टेजवर यायच्या आत मेसेज वाजलेला असतो. तो थर्माकोलचा मोठा चेक धरून फोटो काढायचा आणि रक्कम मार्चपर्यंत लटकवायची, ही सगळ्यात वाईट चाल. खेळाडू अठराच्या आतला असेल तर पासबुकाची प्रत आणि पालकांची सही आधी घ्या. नावाच्या स्पेलिंगवरून पैसे परत येतात. पुढं रक्कम वाढवलीत तर लक्षात ठेवा, न्यासानं एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. देणगीदारांनाही सांगा, देणगीवर आयकराची सवलत हवी असेल तर २,००० च्या वरची रोख देणगी चालत नाही.

धावपट्टी
हिशेब पटला, पण रोख रकमेऐवजी साहित्य द्यायचा मोह कुणाला झाला तर आधीच थांबवा. धनुर्धराच्या बाणाचा ताठरपणा त्याच्या धनुष्याच्या ओढीशी जुळावा लागतो, आपण दुकानातून आणलेला बाण त्याला निरुपयोगी. धावपटूचे स्पाइक्स प्रकारानुसार वेगळे. द्यायचंच असेल तर खेळाडूला दुकान आणि वस्तू ठरवू द्या, तुम्ही बिल भरा. प्रोटीनचे डबे मात्र अजिबात नकोत. डब्यात बंदी असलेला घटक मिसळलेला निघाला तरी उत्तेजक चाचणीत दोषी खेळाडूच ठरतो, 'मंडळानं दिलं होतं' म्हणून सुटका नाही. नावं जाहीर करण्याआधी नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) निलंबित खेळाडूंच्या यादीवरही एक नजर टाका.

मोठ्या खेळाडूला पाहुणा म्हणून बोलावणार असाल तर अजून एक अडचण असते. उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत गटातल्या खेळाडूला रोज एक तास कुठं सापडेल ते आधी कळवावं लागतं. तुमच्या कार्यक्रमासाठी तो पहाटे निघाला आणि पत्ता बदलायचा राहिला तर चूक त्याच्या नावावर लागते, आणि बारा महिन्यांत अशा तीन झाल्या की कारवाई होते. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण आठवडाभर आधी लेखी द्या आणि ऐनवेळी बदलू नका.

व्हीलचेअरसाठी उताराचं प्रमाण एकास बारा. दोन फुटी स्टेजला चोवीस फूट उतार लागेल, तो मंडपवाला करून देणार नाही. त्यापेक्षा स्टेज एक फुटाचं ठेवा, बारा फुटांत भागतं. नाहीतर सातही सत्कार खालीच, सगळ्यांचे एकाच पातळीवर करा. खुर्चीसकट उचलून वर न्यायचा प्रकार नको राव, माणूस अवघडून जातो.

आणि सत्कार आधी, पाहुण्यांची भाषणं नंतर. सात जणांना चार मिनिटांप्रमाणे अठ्ठावीस, प्रास्ताविक आठ, दोन भाषणं सात-सात मिनिटांची. पन्नास मिनिटांत सगळं आटपतं. चारला सुरू करा. जानेवारीत अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमधून पोरांना सायकलवर घरी पाठवायचं नसतं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. पाहुण्यांचे फेटे रद्द करायला एक गट तयार नाही, त्यांना ही चर्चाच वाचायला देतो. मानपत्राचा मसुदा बघा: "आपण राष्ट्रीय स्तरावर कुस्ती क्षेत्रात देदीप्यमान यश संपादन करून गावाचे नाव उज्ज्वल केले, त्याबद्दल…" १७ वर्षांखालील मुलगी आहे, ५३ किलो, शालेय राष्ट्रीयला कांस्य.

शिट्टी_पंच
यात तिचं असं काहीच नाही, हेच वाक्य बुद्धिबळपटूलाही चालेल. आकडे लिहा. सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं लिहायचं झालं तर 'बर्मिंगहॅम राष्ट्रकुल २०२२, ५५ किलो, स्नॅच ११३, क्लीन अँड जर्क १३५, एकूण २४८ किलो, रौप्य'. सुवर्ण २४९ वर गेलं, तो एक किलो वाचणाऱ्याला आपोआप दिसतो. करगणीच्या सचिन खिलारीचं 'पॅरिस पॅरालिंपिक २०२४, गोळाफेक एफ४६, १६.३२ मीटर, रौप्य'.

तुमच्या मुलीचं असं करा: "राष्ट्रीय शालेय कुस्ती स्पर्धा, १७ वर्षांखालील मुली, ५३ किलो, कांस्यपदक", पुढं वर्ष आणि ठिकाण. 'तिसरा क्रमांक' लिहू नका, कुस्तीत कांस्यपदकं दोन असतात. खाली एका ओळीत तिच्या वस्तादांचं आणि तालमीचं नाव. छापायच्या आधी प्रूफ तिच्या घरी दाखवा, आडनावातली वेलांटी हमखास चुकते.