स्वादुपिंडातला एव्हीएम: आधी कॉइल की थेट व्हिपल?

सई_सोलापूर:
मामाला (वय 52) दोन महिन्यांत तीनदा डांबरासारखी काळी शी झाली. हिमोग्लोबिन 6 वर आलं, चार पिशव्या रक्त चढवलं. दुर्बिणीत ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) बारकासा अल्सर दिसला, गोळ्या झाल्या, पुन्हा तेच. शेवटी सीटी अँजिओत कळलं: स्वादुपिंडाच्या डोक्यात एव्हीएम. धमन्या केशवाहिन्यांना वगळून थेट शिरांना जोडल्यात, नुसता गुंता. एक डॉक्टर म्हणतात एम्बोलायझेशन, म्हणजे नळीतून कॉइल (तारेची गुंडाळी) सोडून रक्तवाहिनी बंद करायची; दुसरे व्हिपल, म्हणजे तो भाग कापून काढायचं मोठं ऑपरेशन. मला वाटतं, जांघेतल्या सुईएवढ्या भोकातून काम होत असेल तर पोट कशाला फाडायचं?

खडूस_सर्जन:
ताई, स्वादुपिंडाच्या डोक्याला दोन टाक्यांचं पाणी आहे. वरून गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी, खालून सुपिरियर मेसेंटेरिक धमनी. एक नळ बंद केलात की शेजारचे बारके फुगतात आणि सहा महिन्यांनी परत काळी शी. गुंता अख्खा काढला तरच सुटका. तेही पोर्टल व्हेनमधला (आतड्यांतलं रक्त लिव्हरकडे नेणाऱ्या शिरेतला) दाब वाढायच्या आत. नंतर कापणं फार अवघड.

कॉइलवाला:
साहेब, व्हिपलमध्ये काय काय जातं तेही सांगा की! स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा. वर तीन नवे जोड. त्यातला स्वादुपिंडाचा गळला की आठवडेच्या आठवडे ड्रेनची पिशवी. कॅन्सर नाहीये हा. गुंता शेपटीत असता तर मीच कापा म्हटलं असतं. आणि हल्ली रक्तवाहिनी बंद करणारा पातळ ग्लू गुंत्याच्या गाभ्यापर्यंत जातो, कॉइलसारखा तोंडाशी अडत नाही.

खडूस_सर्जन:
गाभ्यात जातो तसा ड्युओडेनमच्या भिंतीतही जातो. ती भिंत मेली की पेशंट माझ्याच टेबलावर.

कॉइलवाला:
होतं, पण क्वचित. स्वादुपिंडातल्या एव्हीएमची पहिली नोंद 1968 ची, तेव्हापासून सगळा कारभार सुट्या केसेसवर. छातीठोक तुम्हीही बोलू नका, मीही नाही.

रिपोर्टवाचक:
मध्येच बोलतो. मामांच्या नाकातून रक्त येतं का? घरात आणखी कुणाच्या? ऑस्लर-वेबर-रेंडू (रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार) असेल तर असे गुंते फुप्फुसात, लिव्हरमध्ये, मेंदूतही असू शकतात.

सई_सोलापूर:
अहो, आजीचा घोळणा दर उन्हाळ्यात फुटायचा, आम्ही कांदा हुंगवायचो. मामाचाही फुटतो. उष्णता म्हणून सोडून दिलं. कुणी विचारलंही नाही.

खडूस_सर्जन:
मग माझी सुरी तूर्त खाली. आधी ओठ-जिभेवर लाल ठिपके आहेत का बघून घ्या आणि फुप्फुसाचा सीटी करा. पण रेंगाळू नका.

कॉइलवाला:
आणि मधे पुन्हा रक्त गेलं तर?

खडूस_सर्जन:
तर तुमचा कॉइल. तेवढ्यापुरता.