‘लेस्बियन’चा अर्थ नेमका कधी बदलला?

अनुवादिका:
१९व्या शतकातल्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. त्यात आल्कायस या ग्रीक कवीला ‘लेस्बियन’ म्हटलंय, पुढे ‘लेस्बियन वाइन’ही येते. तिथे आजचा अर्थ बसत नाही हे उघड आहे. पण स्त्रियांवर प्रेमकविता लिहिणाऱ्या सॅफो या ग्रीक कवयित्रीच्या मागेही हाच शब्द लागतो. तिथे काय लिहू? आजचा अर्थ कुठल्या सालापासून धरायचा?

ग्रंथकीटक:
सालावर जाऊ नका, फसाल. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच: लेस्बॉस या ग्रीक बेटाचा, बेटाची, बेटाचं. आल्कायस आणि सॅफो दोघंही त्या बेटावरचे, इ.स.पू. ६००च्या आसपासचे. बेटाची वाइन प्राचीन काळी नावाजलेली होती. अ‍ॅरिस्टॉटलने तर लेस्बॉसच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिलाय. ती ताठ नसायची, दगडाच्या वळणाबरोबर वाकायची. त्यावरून इंग्रजीत ‘लेस्बियन रूल’ म्हणजे परिस्थितीप्रमाणे वाकणारा नियम, असा वाक्प्रचार रुळला.

स्त्रियांच्या परस्परप्रेमाचा अर्थ इंग्रजीत अठराव्या शतकातही सापडतो आणि १८९०च्या सुमारास तो वैद्यकीय कोशांत शिरला. म्हणजे दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी नांदले. म्हणून पुढचं नाम बघा. कवी, बोली, वाइन, पट्टी असेल तर ‘लेस्बॉसचा/ची’. ‘लव्ह’ किंवा ‘व्हाइस’ (दुर्गुण) असेल तर बहुतेक वेळा आजचा अर्थ. मोठ्या ‘एल’वर विसंबू नका, दुसऱ्या अर्थानेही तो मोठाच छापत. तुमच्या लेखात ‘लेस्बॉसची सॅफो’ लिहा.

मीमांसा:
सहमत, पण वैद्यकीय मजकूर आला तर एक काळजी घ्या. तेव्हाचे डॉक्टर हा शब्द विकाराचं नाव म्हणून वापरत होते. तिथे आजचा आदराचा शब्द घातला की लेखकाचा दृष्टिकोनच पुसला जातो. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्दसुद्धा छापील स्वरूपात १८६९चा, त्यामुळे प्राचीन ग्रीकांबद्दल ‘समलिंगी’ लिहितानाही जपून.

स्त्रियांनी हा शब्द स्वतःसाठी उघडपणे घेतला तो फार उशिरा. १९५५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचं नाव ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ होतं (बिलिटिस ही एका फ्रेंच काव्यसंग्रहातली काल्पनिक स्त्री), बाहेरच्याला पत्ता लागू नये असं. १९७०च्या दशकात मात्र ‘लेस्बियन’ ही अभिमानाने सांगायची ओळख झाली. या काळापासूनच्या मजकुरात तो शब्द तसाच ठेवा, त्याला सौम्य पर्याय शोधणं मला अन्यायाचं वाटतं. मूळ अर्थही मेलेला नाही. २००८मध्ये लेस्बॉसच्या काही रहिवाशांनी ‘हे नाव आमचं’ म्हणून अथेन्सच्या कोर्टात दावा लावला होता. तो फेटाळला गेला.

जुनीपोथी:
ग्रीकमधला एक सापळा राहिला. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या नाटकांत बेटाच्या नावावरून ‘लेस्बियाझेइन’ असं क्रियापद येतं. त्याचा अर्थ पुरुषाशी मुखमैथुन करणे. स्त्रियांशी स्त्रियांचा संबंध आणि लेस्बॉस यांची सांगड स्पष्ट दिसते ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ल्युशियन या लेखकाने लिहिलेल्या गणिकांच्या संवादांत. अशा स्त्रियांसाठीचा रूढ शब्द वेगळाच होता, ‘ट्रिबास’, घासणे या धातूवरून आलेला.

अनुवादिका:
फार उपयोग झाला. लेखात अनाक्रेऑन या ग्रीक कवीची लेस्बॉसच्या मुलीवरची कविताही आहे. तिथेही ‘लेस्बॉसची’च ना?

जुनीपोथी:
हो, पण खरी अडचण शेवटच्या ओळीत आहे. मुलगी कवीच्या पांढऱ्या केसांना नाव ठेवते आणि ‘दुसरी’कडे आ वासून बघते. ग्रीकमध्ये केसांसाठीचा ‘कोमे’ हा शब्द स्त्रीलिंगी. त्यामुळे दुसरी मुलगी की दुसऱ्या कुणाचे काळे केस, हे व्याकरणावरून ठरत नाही आणि अभ्यासक त्यावर अजून भांडतात. मराठीत ‘केस’ पुल्लिंगी, म्हणून ‘दुसरीकडे’ लिहिलं की मुलगीच ठरते, ‘दुसऱ्या केसांकडे’ लिहिलं की ती नाहीशी होते. आधीच्या ओळीत ‘माझी पांढरी बट’ करून बघा. बट स्त्रीलिंगी आहे, मग ‘दुसरीकडे’ दोन्ही बाजूंनी वाचता येईल.