मदत हवी आहे : घरी मोजलेली शुगर डॉक्टरांनी ‘पाहिली’ असे ॲपने केव्हा म्हणावे?

वेण्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. सातारा जिल्ह्यातील माझ्या मूळ गावाजवळ, तालुक्याच्या ठिकाणी, एक मधुमेहतज्ज्ञ अनेक वर्षे दवाखाना चालवतात. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांनी घरी मोजलेली शुगर दोन भेटींच्या मधल्या काळातही डॉक्टरांना दिसावी, म्हणून मी आणि माझ्या मित्राने त्यांच्यासाठी एक छोटे ॲप तयार केले असून सध्या चाळीसएक रुग्ण ते वापरतात. गेल्या महिन्यात जे घडले त्याच्या मुळाशी आमच्या रचनेतली चूक आहे, याबद्दल मला शंका नाही. ती नेमकी कशी दुरुस्त करावी हे मात्र ठरत नाही. डॉक्टर, परिचारिका, ॲपची रचना करणारे आणि घरात मधुमेहाचे रुग्ण असलेले, अशा सर्वांचे मत हवे आहे.

या रुग्णांमध्ये अडुसष्ट वर्षांच्या एक आजी आहेत. त्या सकाळी आणि रात्री जेवणाआधी मिश्र इन्सुलिन घेतात. पूर्वी उपाशीपोटीची शुगर त्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहीत आणि तपासणीला येताना ते कॅलेंडरच गुंडाळून पिशवीतून आणत. ॲप आल्यावर ते लिहिणे बंद झाले आणि नातू मोबाईलवर आकडा भरू लागला. लागोपाठ तीन सकाळी ६६, ६२ आणि ५८ असे आकडे आले. शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात, त्यामुळे ॲपने आकडा लाल केला. पण त्याच्याच खाली हिरवी खूण आणि ‘आपली नोंद डॉक्टरांकडे यशस्वीरीत्या पाठवली आहे’ हे वाक्यही दाखवले. ‘डॉक्टरांनी बघितलंय, काही असतं तर त्यांचा फोन आला असता,’ असे आजी मुलाला म्हणाल्या आणि इन्सुलिन नेहमीइतकेच घेत राहिल्या. चौथ्या दिवशी पहाटे त्या घामाने भिजून गेल्या आणि असंबद्ध बोलू लागल्या. त्यांना नीट गिळता येत होते, म्हणून मुलाने साखरपाणी पाजले आणि मग दवाखान्यात नेले. आज त्या बऱ्या आहेत.

डॉक्टरांनी त्या तीन नोंदी पाहिल्या नव्हत्या, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. त्यांच्या ओपीडीत साठ-सत्तर रुग्ण असतात, ॲपमधली यादी ते शनिवारी दुपारी निवांतपणे पाहतात, आणि हे त्यांनी आम्हाला सुरुवातीलाच सांगितले होते. ते रुग्णाला सांगणारे एकही वाक्य आम्ही ॲपमध्ये घातले नाही. शिवाय डॉक्टरांच्या बाजूला जेवणानंतरची २१० शुगरही लाल आणि उपाशीपोटीची ५८ ही देखील लाल, अशी रंगसंगती आम्ही ठेवली होती. मधुमेहतज्ज्ञाच्या यादीत दोनशेच्या वरचे आकडे रोजचेच असतात, त्यामुळे सगळी यादीच लाल दिसे आणि त्या लालीत ५८ हरवून गेला. पहिला आकडा पुढच्या भेटीत बोलण्याचा होता, तर दुसरा त्याच सकाळी फोन करण्याचा होता.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो, तो मुलाच्या खिशातून एमआयडीसीत कामावर जातो, आणि ‘शुगर कमी आहे, लगेच साखर घ्या’ ही सूचना आजींऐवजी तिथे वाजते. काही वाड्यांवर रेंज नसते. सकाळी सहाला भरलेली नोंद दुपारी चारला सर्व्हरवर येते, आणि आमच्या यादीत तिच्यापुढे चारचीच वेळ लागते. डॉक्टरांनी त्या वेळी घाईने फोन केला, तर विचारणा दहा तासांपूर्वीच्या शुगरची होणार.

मला तीन बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. नोंद भरल्यावर रुग्णाला नेमके कोणते वाक्य दिसावे, की ज्यातून खोटा दिलासाही मिळणार नाही आणि घबराटही होणार नाही? कमी शुगरची नोंद डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी पोहोचावी, पण रात्री अपरात्री त्यांचा फोन वाजत राहू नये, हे कसे साधावे? आणि इन्सुलिन किती युनिट कमी करावे हे ॲपनेच सुचवावे, असा माझ्या मित्राचा आग्रह आहे. मला तो मार्ग पटत नाही, पण त्याला सांगायला माझ्याकडे ठोस कारण नाही.

ओपीडीतून

मी एमडी मेडिसिन असून तालुक्याच्या गावातच प्रॅक्टिस करतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणांनी रुग्णाला परस्पर सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तुमच्या मित्राचे गणित साध्या सूत्राचे असेल, तरी निदान किंवा उपचारासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येते आणि त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात, हे त्यांच्या कानावर घाला. कायदा बाजूला ठेवला तरी माझे उत्तर बदलणार नाही. सकाळी ५८ येण्यामागे आदल्या रात्री जेवण न जाणे, उलट्या होणे, मूत्रपिंडाचे काम मंदावणे किंवा इन्सुलिन एकाच जागी टोचून तिथे गाठ झालेली असताना अचानक जागा बदलणे, यांपैकी काहीही असू शकते. मी फोनवर आधी हेच विचारतो, आणि केवळ आकडा पाहणाऱ्या ॲपला यातले काहीच कळत नाही.

मात्र डोस न सांगताही ॲपला तिथल्या तिथे सांगता येईल असे काही आहे, आणि ते न सांगणे ही तुमच्या रचनेतली मोठी उणीव मला वाटते. ७० च्या खालचा आकडा भरला की आभार, खूण वगैरे काहीही न दाखवता पूर्ण पडदाभर एकच गोष्ट यावी : तीन चमचे साखर पाण्यात घालून आत्ता प्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा मोजा. त्याखाली, रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. ही सूचना इंटरनेटशिवाय फोनमध्येच तयार असली पाहिजे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि माझ्या सासूबाईही इन्सुलिन घेतात, म्हणून घरातल्या बाजूने दोन गोष्टी लिहिते.

तुमच्या ॲपमध्ये आकडे मराठी आहेत की इंग्रजी, हे तुम्ही लिहिलेले नाही. ग्लुकोमीटरवर ते इंग्रजीच असतात. मराठी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला इतके जवळचे आहेत की दोन्ही लिप्या एका घरात वापरल्या तर चूक होणारच. मी स्वतः वहीत सासूबाईंच्या हातचा ‘१’ नऊ म्हणून वाचलेला आहे. बाकी सगळे ॲप मराठीत ठेवा, पण शुगरचा आकडा मीटरवर दिसतो तसाच भरायला आणि वाचायला द्या.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. शुगर मीटरच्या मर्यादेबाहेर गेली की त्यावर आकडाच येत नाही. फार वाढली तर इंग्रजीत ‘हाय’ची आणि फार उतरली तर ‘लो’ची अक्षरे येतात. बऱ्याच मीटरवर ही मर्यादा वर ६०० आणि खाली २० असते. तुमच्या रकान्यात अक्षरे लिहिता येतात का? येत नसतील, तर सर्वांत धोक्याची नोंद तेवढी तुमच्याकडे कधीच पोहोचणार नाही.

अल्पविराम

मी सार्वजनिक आरोग्याच्या प्रकल्पांसाठी ॲपची रचना करते. तुमचा दुसरा प्रश्न सूचनेचा आवाज, रंग किंवा वेळ बदलून सुटणार नाही, कारण तो नोंदीची जबाबदारी कोणाची हे ठरवण्याचा प्रश्न आहे. तुमच्या सातारा जिल्ह्यातलेच उदाहरण देते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. या उपक्रमात वापरले गेलेले ‘सिंपल’ नावाचे ॲप मुक्त स्रोत आहे आणि रेंज नसतानाही चालते. त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती तपासणीला न आलेल्या रुग्णांची यादी. परिचारिका ती उघडते, एकेकाला फोन लावते आणि काय बोलणे झाले ते नोंदवते. ‘कोणीतरी पाहील’ या भरवशावर तिथे काही सोडलेले नाही.

तुम्हीही डॉक्टरांच्या पडद्याला हात लावण्याआधी दवाखान्यातल्या माणसांशी बोला. रोज सकाळी दहा वाजता ‘आज कोणाला फोन करायचा’ ही यादी उघडणारी एक व्यक्ती दवाखान्याने नेमावी. तीत केवळ कमी शुगरचे आणि मर्यादेबाहेरचे आकडे असावेत, बाकी सगळे शनिवारपर्यंत थांबू शकते. शुगर मोजल्याची वेळ आणि नोंद पोहोचल्याची वेळ वेगवेगळी दाखवा. दोन्ही रुग्णाच्या फोनच्या घड्याळावर अवलंबून ठेवू नका, कारण जुन्या फोनमधली तारीखच कित्येकदा चुकलेली असते. एकच फोन घरभर फिरत असेल, तर नोंदणीच्या वेळी ‘दिवसा आजींजवळ कोण असते’ हे विचारून त्या सुनेचा किंवा शेजारणीचा नंबर, त्यांची परवानगी घेऊन, त्याच यादीत ठेवा.

वाक्याबद्दल माझे मत असे आहे की ‘पाठवली’ हा शब्द रुग्णाच्या पडद्यावरून काढून टाकावा. रुग्ण तो ‘पाहिली’ असाच वाचतो.

वेण्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ‘रात्रपाळी’ यांचा प्रतिसाद वाचल्यावर काल रात्रीच ॲप उघडून पाहिले. आमचा रकाना फक्त अंक घेतो. रुग्णांच्या घरी फोन करून विचारले, तेव्हा एका घरात जानेवारीत मीटरवर ‘हाय’ आले होते आणि लिहिता येईना म्हणून त्यांनी त्या दिवसाची नोंद सोडून दिली होती, असे कळले. आमच्या आलेखात तो दिवस मोकळा आहे आणि आम्ही त्याचा अर्थ ‘मोजली नाही’ असा लावला होता. आता रकान्याखाली मीटरवर दिसतात तशाच अक्षरांची दोन मोठी बटणे घालत आहोत. आकडे इंग्रजीच ठेवू, आणि साखरपाण्याचा पडदा इंटरनेटशिवाय चालेल असा करू. डोसचा विषय मित्राने सोडून दिला आहे.

आज डॉक्टरांशीही बोलणे झाले. दवाखान्यातल्या ताई सोमवार ते शनिवार सकाळी दहाला यादी पाहून फोन करतील आणि त्यांनी नोंद उघडली की मगच रुग्णाला ‘दवाखान्यात पाहिली’ असे वेळेसह दिसेल. तोपर्यंत दिसणाऱ्या वाक्याचा मसुदा असा आहे : ‘ही नोंद अजून कोणीही पाहिलेली नाही. बरे वाटत नसेल तर वाट न पाहता दवाखान्यात फोन करा.’ पहिले वाक्य कठोर आहे, असे डॉक्टरांना वाटते, तर मला ते तसेच राहावेसे वाटते.

रविवारचे मात्र अडले आहे. त्या दिवशी दवाखाना बंद असतो, ताईंना सुट्टी असते आणि डॉक्टर बहुधा गावाबाहेर असतात. शनिवारी संध्याकाळपासूनच ॲपच्या वर ‘सोमवारी सकाळी दहापर्यंत नोंदी पाहिल्या जाणार नाहीत’ अशी पट्टी दाखवावी, की त्या दिवसापुरता जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता आणि १०८ एवढेच पडद्यावर ठेवावे? कोणी असा सुट्टीचा दिवस प्रत्यक्ष हाताळला असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.