डेलिगेटच्या निवडणुकीआधी दर रविवारी ओपिनियन पोल: घ्यावा का?

कारभारी_४१२ (धागाकर्ता)
आपल्या मराठी रीजनची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. नव्यांसाठी थोडक्यात: नेशनस्टेट्स हा २००२ पासून चालू असलेला ब्राउझरमधला खेळ. प्रत्येकाचं एक काल्पनिक राष्ट्र, राष्ट्रं मिळून रीजन. वर्ल्ड असेंब्ली म्हणजे खेळातली संयुक्त राष्ट्रं, तिथे ठरावांवर मतदान होतं. तिच्यात असलेल्या शेजाऱ्यांची सर्वांत जास्त एन्डॉर्समेंट, म्हणजे पाठिंबा, ज्याला, तो डेलिगेट. आपण आधी मतदान घेतो, मग जिंकेल त्याला सगळे एन्डॉर्स करतो. गेल्या खेपेला प्रचार म्हणजे दोन जाहीरनामे आणि मग शुकशुकाट. दर रविवारी रीजनच्या पानावर पोल लावू. आकडे हलले की माणसं बोलायला लागतात. प्रश्नही तयार आहे: 'रीजनला जागं ठेवणारा डेलिगेट हवा, की चाललंय ते चालू द्यायचं?' लावायचं काम माझ्याकडे.

पानपट्टीवाला
+१. लावा बिनधास्त.

तिरपा_डोळा
विरोध. शितावरून भाताची परीक्षा करतात, मान्य. पण आपलं पातेलंच चाळीस शितांचं आहे! एवढ्याशा रीजनमध्ये पोल म्हणजे चाचणी नाही, तीन रविवार आधीच उरकलेलं मतदान.

आणि खेळातल्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते राष्ट्राच्या नावासकट दिसतं. महिन्याभरापूर्वी आलेला पोरगा जुन्या डेलिगेटच्या विरोधात नावानिशी उभा राहील? त्याला अजून इथेच खेळायचंय.

तिसरं, आकडा दिसला की काय होतं ते वर्ल्ड असेंब्लीत रोज बघतोय. ठराव चार दिवस मतदानाला असतो, आकडा सगळ्यांसमोर. डेलिगेटचं मत त्याच्या एन्डॉर्समेंटच्या हिशोबाने जड. सुरुवातीलाच चार मोठे डेलिगेट एका बाजूला बसले की मागून येणारे ठराव न उघडता तिकडेच शिक्का मारतात. खेळात त्यांना लेमिंग म्हणतात. आपल्याकडे मेंढरं. तीच सवय आपल्या निवडणुकीत कशाला आणायची?

कारभारी_४१२
नावांची अडचण असेल तर बाहेरच्या फॉर्मवर घेऊ. गुप्त.

अर्धा_कटिंग
म्हणजे पपेटना, एकाच माणसाच्या जादा राष्ट्रांना, मोकळं रान. एका माणसाने दहा राष्ट्रं काढली तरी नियमात बसतं, फक्त वर्ल्ड असेंब्लीत एकच ठेवता येतं. खेळातल्या पोलमध्ये नावं दिसतात म्हणून तर असेंब्लीबाहेरची मतं बाजूला काढता येतात. फॉर्मवर ते कसं करणार? गुप्तता आणि चोख मोजणी, दोन्ही एकदम नाही मिळणार इथे. मी पोलच्या बाजूने आहे, पण खेळातल्याच. लाजणाऱ्यांनी लाजावं.

रंगाभाऊ_कोल्हापूर
तिरपे, तुम्ही लई मनावर घेताय राव. खेळ आहे. मेंढरं तर मेंढरं, पण कळप हलतो तरी. गेल्या वेळी मला निवडणूक झाल्याचंच निकालानंतर कळलं.

संत्रानगरी
रंगाभाऊ, तुमच्यासारखे लोकच तर पोलमध्ये दिसत नाहीत ना बाप्पा! माझा आक्षेप वेगळा आहे. १९३६ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या मासिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. निष्कर्ष काय, तर रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन. पत्ते काढले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, आणि मंदीच्या दिवसांत त्या दोन्ही गोष्टी कुणाकडे होत्या ते सांगायला नको. त्यात उत्तर धाडायची हौसही सगळ्यांना सारखी नव्हती.

आपली टेलिफोन यादी म्हणजे रोज लॉगिन करणारी आठ-दहा मंडळी. २८ दिवस फिरकलं नाही तर राष्ट्र मिटतं, म्हणून पंचविसाव्या दिवशी तोंड दाखवून जाणारे आपल्यात कमी नाहीत. ते पोलच्या वाटेला जाणार नाहीत. मतदानाच्या दिवशी मात्र उमेदवाराचा टेलिग्राम (खेळातला निरोप) गेला की येऊन मत टाकतात. गेल्या वेळी निकाल त्यांनीच फिरवला. तुमच्या पोलमध्ये ते दिसणार कुठे?

पानपट्टीवाला
मग चुकू दे की! १ जून २०२४ ला एक्झिट पोलवाले रालोआला साडेतीनशेच्या वर नेत होते, ४ जूनला निघाल्या २९३. टीव्ही कुणी बंद केला का? उलट निकालाच्या दिवशी आमच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती.

तिरपा_डोळा
ते पोल शेवटचं मत पडल्यावर दाखवले, कारण कायद्याने त्याआधी दाखवताच येत नाहीत. आणि ओपिनियन पोलला मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंदी. देशाच्या कायद्याला जे कळतं ते आपल्याला कळू नये?

कारभारी_४१२
ठीक. शेवटचे दोन दिवस पोल नाही. आता तर चालेल?

अर्धा_कटिंग
मला चालेल.

संत्रानगरी
चालेल, पण प्रत्येक आकड्याखाली लिहायचं: चाळीसपैकी किती जणांनी उत्तर दिलं. नुसते टक्के नकोत.

तिरपा_डोळा
एक राहिलं. तो 'जागं ठेवणारा की चाललंय ते' प्रश्न पुन्हा वाचा सगळ्यांनी. 'नाही, मला झोपलेला हवा' असं कोण म्हणेल? कारभारी, या वेळी तुम्ही स्वतः उभे आहात का?

कारभारी_४१२
अर्ज भरलाय. पण पोल लावण्याशी त्याचा काय संबंध?

पानपट्टीवाला
माझं +१ परत द्या.