लाकूड जाळायच्या जाळ्या (फायरप्लेसच्या) बनवून विकायच्यात, नागपुरातून चालेल का हा धंदा?

ग्रिलवाला_हिंगणा:
नमस्कार मंडळी. हिंगणा रोडला आमचं ग्रिल-गेटचं छोटं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, आता मी आणि दोन पोरं मिळून चालवून राहिलो. मागच्या दिवाळीनंतर पेंचच्या जंगलाच्या तुरिया गेटकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं खोल्यांमधल्या फायरप्लेससाठी लाकूड ठेवायच्या लोखंडी जाळ्या मागितल्या, आठ नग. खरं सांगतो, फायरप्लेस मी तोपर्यंत पिक्चरमध्येच पाहिला होता, त्यांनी व्हॉट्सअपवर फोटो टाकला आणि रुंदी सांगितली तेवढ्यावर बनवून दिल्या. १२ मिमी चौकोनी बार, सगळीकडून फुल वेल्डिंग, वरून काळा ऑइल पेंट. १४०० ला एक दिली, खूश झाले, मी पण खूश.

जानेवारीत फोन आला, भाऊ तुमच्या जाळ्या झोपल्या! दोन परत पाठवल्या त्या आत्ता समोर पडल्या आहेत. मधले बार वाकून पार झोळी झाली आहे, एका ठिकाणी वेल्डिंग सुटलं, आणि खालून हात फिरवला की पापुद्रे निघून हातात येतात, जशी जुन्या तव्याची खपली. वर पहिल्या दिवशी रंगाचा इतका वास सुटला म्हणे की गेस्टनी खोली बदलून मागितली.

पण त्याच माणसानं आणखी दोन रिसॉर्टवाल्यांना माझा नंबर दिला आहे, आणि चिखलदऱ्याहून पण एक चौकशी आली. ग्रिलच्या कामात आता काही उरत नाही, गल्लीगल्लीत दुकानं झाली. म्हणून विचार करतोय की हे नीट शिकून यातच उतरावं, वेगळं नाव वगैरे ठेवून. लोखंड कोणतं घ्यायचं, बिडाचं (कास्ट आयर्न) ओतून घ्यावं का, ऑनलाइन विकता येईल का, आणि मुळात नागपूरच्या उन्हात हे विकायचा विचार म्हणजे येडेपणा तर नाही ना? मोकळेपणानं सांगा.

वेल्डरकाका:
पोरा तुह्या जाळीले दोष देऊ नको, आधी मले एक सांग, त्या लोकांनी खालची राख कवा काढली? माह्या अंदाजानं महिनाभर काढलीच नसन. लाकडाच्या जाळीचं सगळं काम खालच्या हवेवर चालते. जाळीखाली मोकळी जागा असली की थंड हवा खालून येते, लाकूड बी नीट जळते अन बार बी थोडा थंड राहते. राख साचून बाराले टेकली की वरून निखारा अन खालून गरम राख, बार मधात भाजून निघते. साधं लोखंड ५५०-६०० डिग्रीले गेलं की त्याची निम्मी ताकद गेली समज, वरून ओंडक्याचं वजन, मग झोळी नाई होणार तर काय होईन. ते पापुद्रे म्हणजे जळलेलं लोखंडच हाय.

दुसरी चूक तुही. दोन्ही टोकं फुल वेल्डिंग काऊन केलं? अर्धा मीटरचा बार ६०० डिग्री तापला की साडेतीन मिमी लांब होते. त्याले जायले जागा नाई तर ते वाकनच. समोरचं टोक वेल्ड कर, मागचं टोक नुसतं खाचीत ठेव, सरकू दे. म्या चाळीस वर्सं भट्ट्यांचं काम केलं, भट्टीतले फायर बार नुसते ठेवलेले असतात, वेल्ड कोनी करत नाई. खराब झाला की एक बार काढला, दुसरा टाकला.

१२ चा सोड, कमीत कमी १६ घे, रिसॉर्टले रोज रात्री जाळायचं असन तर २० चा दे.

सिव्हिललाइन्सकर:
विषय वाचून हसू आलं पण मग आठवलं, २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ डिग्री झालं होतं, आम्ही गॅलरीत तसराळ्यात कोळसे पेटवून बसलो होतो. तरी पण घरगुती गिऱ्हाईक विसरा राव. फ्लॅटमध्ये चिमणी कुठे असते? आमच्या भागातल्या एकदोन जुन्या बंगल्यांत इंग्रजांच्या काळचे फायरप्लेस आहेत, तिथे आता शोकेस आणि गणपतीची आरास असते, चिमणीत कबुतरं. आणि हुरडा पार्टीवाल्यांच्या भरवशावर राहू नका, हुरड्याला जाळी नाही खड्डा लागतो आणि गोवऱ्या, रोडग्यांनाही गोवऱ्याच.

अजून एक, लोकांना राग येईल पण लाकूड जाळायला जाळी लागतेच असं नाही. दगडी कोळशाला लागते, खालून हवा मिळाली नाही तर तो नीट पेटतच नाही. लाकूड मात्र दोन इंच राखेच्या थरावरसुद्धा छान जळतं. म्हणजे तुम्ही नेमकं काय विकताय ते आधी स्वतःशी ठरवा, पेटवायला सोपं जावं म्हणून की दिसायला चांगलं म्हणून.

जंगलकाठचा:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण रिसॉर्टला जाळी लागतेच, मी ताडोबाच्या मोहर्लीकडे सहा खोल्यांचं होमस्टे चालवतो म्हणून सांगतो. आमच्याकडे पेटवणारा मुलगा रोज वेगळा, कोणी बाभळीचा ओला ओंडका टाकतो कोणी सॉ मिलची सागाची फळकुटं, जाळी असली की कोणीही पेटवलं तरी पेटतं आणि ओंडका घरंगळत बाहेर येत नाही, पुढे फरशीवर पडून गालिचा जळाला होता आमचा एकदा. त्यामुळे पुढच्या बाजूला बार वर वळवून द्या, चार इंच तरी, दिसायला पण छान वाटतं.

धंद्याचं म्हणाल तर वेळ सगळ्यात महत्त्वाची. जंगलाचे कोअर गेट १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात, त्या तीन महिन्यांत आम्ही रंगरंगोटी, गळती, फर्निचर, सगळी दुरुस्ती काढतो, हातात वेळ असतो आणि डोक्यात पुढचा सीझन असतो. त्यावेळी तुम्ही स्वतः गाडी काढून या, एखादी जाळी डिक्कीत ठेवून. दिवाळीनंतर फोन केला तर कोणी उचलत नाही, आणि उचलला तर म्हणतो उद्या पाहिजे. आणि माप फोनवर घेऊ नका हो! फायरप्लेस पुढून रुंद आणि मागे निमुळता असतो, आमच्या सहा खोल्यांतले सहा वेगळे आहेत, गवंडी एकच होता तरी. पुढची रुंदी, मागची रुंदी, आत किती खोल आहे, तिन्ही स्वतः मोजा आणि दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच सोडा. तुमच्या आठही जाळ्या एकाच मापाच्या होत्या ना? मग निम्म्या नक्की भिंतीला घासत असतील.

धूर खोलीत आला की पहिला फोन जाळीवाल्याला येतो बरं का. नव्वद टक्के वेळा चिमणीत घरटं असतं किंवा डॅम्पर (चिमणीतली झडप) बंद असतो. बिलावरच लिहून द्या की चिमणी साफ करून मग पेटवा.

पोट्टा_कामठीचा:
भाऊ कबाडीत जीआय पाइप (जस्ताचा मुलामा असलेला) स्वस्तात मिळते, त्याच्याच बनव ना, गंजत पण नाही, पोकळ असल्यानं वजन पण कमी, कुरिअर परवडते.

वेल्डरकाका:
अरे बाप्पा, जीआयचं नाव काढू नको! जस्त ४१९ डिग्रीले वितळते, निखाऱ्यात त्याचा पांढरा धूर निघते, तो धूर नाकात गेला की रातभर थंडी वाजून ताप येते, आमच्यातल्या जुन्या वेल्डरले विचार. बंद खोलीत पाहुण्याच्या बायकापोरांसमोर ते जाळायचं? आन पाइप पोकळ, दोन महिन्यात भोक पडते. रंगाचं बी तेच, ऑइल पेंट नको, पावडर कोटिंग बी नको, हीट रेझिस्टंट अ‍ॅल्युमिनियम पेंट मिळते ६०० डिग्रीवाला, तो मार अन दुकानाबाहेरच एकदा लाकूड लावून जाळी भाजून दे. जो वास निघायचा तो तिथंच निघून जाईन.

बिडाचं विचारलं होतंस. बीड झोपत नाई, पण ठिसूळ असते. कोनी गरम जाळीवर पाणी फेकलं की टणकन तडा. साचा बनवायचा खर्च येगळा. दहाबारा नगांसाठी नको, शंभराची ऑर्डर आली तर फाउंड्रीवाल्याशी बोल. स्टेनलेस ३०४ टिकते खरं पण भाव ऐकून तुह्या गिऱ्हाइकाले थंडीत घाम येईन.

हिशोबी_ताई:
मी सीए ऑफिसमध्ये काम करते, एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही म्हणून लिहितेय. तुरिया गेट मध्य प्रदेशात आहे दादा, सिवनी जिल्हा. मालाच्या धंद्याला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हे तुम्ही ऐकलं असेल, पण ती सूट राज्यातल्या राज्यात विकलं तर. नागपूरहून माल राज्याबाहेर पोचवलात की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, आठ जाळ्या असोत की ऐंशी. नागपूरवाल्यांची हीच गंमत आहे, तास-दीड तास गाडी चालवली की दुसरं राज्य, आणि तिकडे आपण भाजी आणायला गेल्यासारखे जातो. पचमढीला विकायचं म्हटलं तरी तेच. मोहर्ली आणि चिखलदरा महाराष्ट्रातच, तिथे प्रश्न नाही.

एचएसएन (जीएसटीसाठी मालाचा कोड) ७३२१ बघा, त्या हेडिंगमध्ये चुली-शेगड्यांसोबत grate, म्हणजे तुमची जाळी, हा शब्दच लिहिलेला आहे. पण त्याच हेडिंगखाली वेगवेगळ्या वस्तूंना वेगवेगळा दर आहे, तेव्हा दर अंदाजानं लावू नका, एकदा बसून नीट ठरवून घ्या. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट होते, पोर्टलवर स्वतः करा, एजंटला पैसे देऊ नका, आमच्याकडे रोज कोणीतरी हजार रुपये घालवून येतो.

१४०० मध्ये तुम्हाला काय सुटलं ते लिहाल का? मला तो आकडा पटत नाहीये.

ग्रिलवाला_हिंगणा:
सगळ्यांचे आभार, एवढं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री कागद घेऊन बसलो. १६ मिमी चौकोनी बार मीटरला साधारण २ किलो भरतो. सहा बार, दोन आडवे आणि पाय धरून एका जाळीला जवळपास ५ मीटर जातो म्हणजे १० किलो. मला शेवटचा बार ६२ रुपये किलोनी पडला, म्हणजे ६२० रुपये लोखंडाचेच. २० मिमी घेतला तर तीच जाळी साडेपंधरा किलो, साडेनऊशेच्या वर. वेल्डर-हेल्परची मजुरी, डिस्क, रॉड, लाइट बिल, नवीन रंग, आणि तुरियाला जायचं डिझेल... १४०० मध्ये मी बहुतेक समाजसेवा करत होतो. १२ मिमीचा बार मीटरला सव्वा किलोपण नाही म्हणून तेव्हा परवडलं असं वाटलं, पण परत आलेल्या दोन धरल्या तर खिशातूनच गेले. आता १६ ची २२०० आणि २० ची २८०० सांगायचं ठरवलं आहे, सुटा बार लागला तर वेगळा.

ऑनलाइनचं सध्या डोक्यातून काढलं. कुरिअरवाल्याला विचारलं तर तो वजन सोडून खोक्याच्या आकाराचे पैसे लावतो, सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० इतके किलो धरतो, पाय लावलेली जाळी म्हणजे निम्मी हवाच पाठवायची. पाय नटबोल्टनी सुटे केले तर बघू, नाहीतर ट्रान्सपोर्टनं.

आणि काका, तुमचं ऐकून रिसॉर्टच्या मॅनेजरला फोन केला, राख कोण काढतं म्हणून. तो म्हणे काढतो ना, भांडी घासायला जेवढी लागते तेवढी काढतो.

जंगलकाठचा:
😂 आमच्याकडेपण हेच

वेल्डरकाका:
पाय चार इंचाचे कर अन खाली पत्र्याचा राखेचा ट्रे दे. ट्रे दिसला की लोक ओततात, नाई दिसला की नाई ओतत. अन खोलीत चिमणी नसन तर तुही जाळी कोणाले विकू नको, कितीबी पैसे देऊ दे. बंद खोलीत निखारे ठेवून झोपलेले लोक सकाळी उठत नाई, दर हिवाळ्यात पेपरात येते.

ग्रिलवाला_हिंगणा:
हो काका, ते लक्षात ठेवतो, माप घ्यायला जाईन तेव्हा आधी चिमणीतच वाकून बघेन. ट्रेचे पैसे वेगळे लावू की त्यातच धरू?

वेल्डरकाका:
येगळे लाव. आन हँडल लांब ठेव, मागच्या बारी म्या आखूड ठेवला होता, हात भाजून गिऱ्हाईक घरी आलं होतं.