जुन्या अमेरिकन बंदुका: घरच्या संग्रहात असाव्यात की नसाव्यात?

मूळ प्रस्ताव

पेनसिल्व्हेनियात राहून मी गेली काही वर्षे अमेरिकेच्या निरनिराळ्या कालखंडांतील बंदुकांचा अभ्यास आणि जमेल तसा संग्रह करतो आहे. खाजगी माणसाने हा संग्रह करावा, पण शोभेच्या नव्हे तर वापरून झिजलेल्या बंदुकांचा करावा, असे माझे ठाम मत आहे. स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सकडून आलेली चकमकीच्या दगडाने बार पेटवणारी शार्लव्हिल, लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी घडवलेली लांब नळीची शिकारी रायफल, यादवी युद्धातली ठासणीची स्प्रिंगफील्ड, १८७३ची विंचेस्टर आणि दुसऱ्या महायुद्धातली एम-वन गॅरंड या पाच बंदुका शेजारीशेजारी ठेवल्या, तर एकेक नग हाताने घडवणाऱ्या कारागिरापासून लाखोंनी एकसारखे नग काढणाऱ्या कारखान्यापर्यंतचा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो.

या पाचांपैकी माझ्याकडे एकच, १८६३ सालची स्प्रिंगफील्ड आहे. बंदुकीच्या घोड्याच्या मागे लोखंडी पट्टीवर ते साल आणि पुढे पंख पसरलेला गरुड उमटवलेला आहे. दस्त्याच्या डाव्या अंगाला लंबगोल चौकटीत सरकारी तपासनिसाची आद्याक्षरे होती. त्यांपैकी आता एकच अक्षर कसेबसे वाचता येते, कारण पूर्वीच्या कोणा मालकाने अक्रोडाचे लाकूड चकचकीत करण्यासाठी त्यावर पॉलिश पेपर घासला. दीडशे वर्षे टिकलेली खूण एका दुपारच्या हौसेपायी गेली, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणूनच म्हणतो, जपणारा माणूस जाणता हवा.

प्रतिसाद १ (विरोधी)

आपली कळकळ पोहोचली, परंतु निष्कर्ष पटला नाही. बंदूक काही सांगते ती मुख्यतः ती जिथे वापरली गेली त्या जागेमुळे, आणि संग्राहकाच्या भिंतीवर येईपर्यंत ती जागा तिच्यापासून तुटलेली असते. माँटानातील लिटल बिगहॉर्नचे उदाहरण घ्या. २५ जून १८७६ रोजी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर आणि त्याच्या सोबतची तुकडी जिथे मारली गेली, त्या माळावर १९८३ मध्ये वणवा लागून जमीन उघडी पडली. त्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊन ती पिंजून काढली आणि सापडलेल्या प्रत्येक काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची नेमकी जागा नोंदवली. काडतूस पेटवणाऱ्या पिनेचा ठसा प्रत्येक बंदुकीगणिक पुंगळीवर निराळा उमटत असल्यामुळे एकाच बंदुकीतून कुठे कुठे बार निघाले, म्हणजेच ती धरणारा माणूस कसा पुढेमागे सरकला, हे शंभराहून अधिक वर्षांनी उलगडता आले. सैनिकांच्या हाती दर वेळी एकच काडतूस भरण्याची, नंतरच्या बनावटीची स्प्रिंगफील्ड होती, तर त्यांच्याशी लढणाऱ्या लाकोटा आणि शायेन या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांपैकी अनेकांकडे लागोपाठ बार काढणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर होत्या, याला मातीतूनच पुरावा मिळाला. त्या पुंगळ्या हौशी लोकांनी खिशात घालून नेल्या असत्या, तर हे कधीच कळले नसते.

आणखी एक गोष्ट खटकते. आपल्या पाच बंदुकांत मूळ रहिवाशांच्या हातातली एकही का नाही? पितळी चुका (लहान खिळे) ठोकून सजवलेल्या, व्यापारात मिळालेल्या त्यांच्या बंदुका वगळून अमेरिकेचे कालखंड पुरे होत नाहीत. २९ डिसेंबर १८९० रोजी दक्षिण डकोटातील वूंडेड नी येथे कत्तल झाली, ती लाकोटांकडून बंदुका काढून घेण्याचे काम चालू असतानाच.

प्रतिसाद २ (प्रस्तावाच्या बाजूने)

रणभूमीवरून काहीही उचलू नये, हे निर्विवाद आहे. परंतु बहुतेक जुन्या बंदुका मातीतून नव्हे, तर माळ्यावरच्या पेट्यांतून निघतात, आणि त्या कोणीतरी ओळखाव्याच लागतात. वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. त्यात नोंद असलेल्या बंदुकीचा क्रमांक कळवला, तर ती कारखान्यातून कधी बाहेर पडली हे समजते. असे विचारणारे बहुतांशी संग्राहकच असतात.

एक विनंती मात्र आहे. ठासणीची बंदूक हाती आली, की आधी गज हलकेच नळीत सोडून किती आत जातो ते पाहावे आणि ते माप बाहेरून नळीला लावावे. गज तळाच्या बराच अलीकडे अडला, तर आत बार असू शकतो, आणि मग तो जाणकाराकडूनच काढून घ्यावा. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर गोळा केलेल्या हजारो बंदुका भरलेल्याच होत्या, काहींत तर एकावर एक अनेक बार ठासलेले होते.

प्रतिसाद ३ (विरोधी)

माझा आक्षेप कायद्याचा आहे. १९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू ठरते आणि नव्या बंदुकीला लागणारी खरेदीदाराची चौकशी तिला सहसा लागत नाही. काही राज्यांचे नियम अधिक कडक आहेत, हे खरे. ठासणीच्या बंदुकीपुरते हे ठीक आहे, परंतु त्या काळातल्या कित्येक विंचेस्टर रायफलींना बसणारी काडतुसे आजही दुकानात मिळतात. इतिहासाच्या नावाने चालती बंदूक विनाचौकशी घरात येत असेल, तर संग्राहकांनीच तिला विरोध करायला हवा.

मूळ प्रस्तावकाचे उत्तर

तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. जिला काडतूस मिळते, ती बंदूक कितीही जुनी असली तरी चौकशी करूनच विकावी आणि कुलुपात ठेवावी. गजाची परीक्षा मी विकत घेतानाच केली होती. नळी रिकामी आहे.

पहिल्या प्रतिसादातला मूळ रहिवाशांविषयीचा प्रश्न मात्र मला टाळता येणार नाही. गेल्या वर्षी पितळी चुका ठोकलेली एक बंदूक मला दाखवण्यात आली होती. ती कोणाच्या घरातून आली, हे विकणाऱ्याला सांगता येईना, आणि किंमत वाढवण्यासाठी अशा चुका मागाहूनही ठोकल्या जातात, म्हणून मी ती घेतली नाही. त्यामुळे माझ्या मांडणीत ती जागा रिकामी आहे, आणि तिथे संशयास्पद वस्तू ठेवण्यापेक्षा ती रिकामीच ठेवणे मी पसंत करतो.