लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात थेरपी डॉग असावा का?

निशिगंध
नवी मुंबईतल्या एका दंत महाविद्यालयात ५ ते १० वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्धही झाला. थेरपी डॉग, म्हणजे घाबरलेल्यांना धीर द्यायला तयार केलेला प्रशिक्षित कुत्रा, जवळ होता त्या मुलांची भीती कमी भरली. कल्पना तशी जुनी. अमेरिकेतले बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे आलेलं एक अबोल मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी आपणहून रमलं. पुढे १९६२ साली लेविन्सननी कुत्र्याला 'सहउपचारक' म्हणत लेख लिहिला.

मला हे मनापासून पटतं. खुर्ची मागे कलते, डोळ्यांवर दिवा येतो, तोंडात सक्शनची नळी, बोलायची सोय नाही. मुलाची बोटं खुर्चीचा हात आवळून धरतात. त्या बोटांना मऊ, ऊबदार पाठ लागली तर मूल रोखलेला श्वास तरी सोडेल. आपल्याकडे अजूनही रडणाऱ्या पोराचे हातपाय धरायला माणसं उभी करतात, ते मला बघवत नाही. मुलांच्या दवाखान्यांनी हा प्रयोग करावाच.

मृण्मयी_ठाणे
माझा साफ विरोध. माझ्या मुलाला भटका कुत्रा चावला होता. रेबीजची इंजेक्शनं झाली, जखम भरली, पण सोसायटीच्या गेटाशी कुत्रं दिसलं की तो अजूनही माझ्या मागे लपतो. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त भारतात होतात, त्यात लहान मुलं खूप. हे युरोप-अमेरिकेतल्या आयांना सांगावं लागत नाही, आम्हाला मात्र रोज जपावं लागतं. एका मुलाची भीती घालवायला दुसऱ्याची वाढवायची?

बालदंतवैद्य
मी रोज हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, चालू झाला की लाळ, पाणी आणि जंतूंचे बारीक तुषार सगळ्या खोलीत उडतात. त्यात कुत्र्याचे केस आणि लाळ. दमेकरी किंवा ॲलर्जी असलेलं मूल असेल तर प्रश्नच मिटला. शस्त्रक्रियेच्या वेळी मी प्राणी आत घेणार नाही. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. दात साफ करायचा अल्ट्रासॉनिक स्केलर साधारण २५ ते ४५ किलोहर्ट्झवर चालतो. माणसाला २० च्या पुढचं ऐकू येत नाही, कुत्र्याला ४५ पर्यंत येतं. आपल्याला नुसती पाण्याची फवारणी ऐकू येते. त्या मुक्या जिवाच्या कानांवर काय आदळत असेल?

आणि भीती येते कुठून? पहिला वाढदिवस होईपर्यंत मुलाला एकदा दाखवून न्यावं, असं आम्ही घसा फोडून सांगतो. मूल येतं ते गाल सुजल्यावर, रात्रभर रडून. त्यात घरी धाक घातलेला असतो, 'दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील.' आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही पद्धत १९५९ पासून पुस्तकात आहे. आरसा हातात दिला, हवेची फुंकर नखावर मारून दाखवली, की बरीच मुलं तोंड उघडतात. काही किडींवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थोपवणारं औषध लावून ड्रिलिंग टाळता येतं. तिथे डाग काळा पडतो, तेवढं पालकांनी पत्करायला हवं. हे सगळं सोडून आधी कुत्रा कशाला?

शेपटीवाला
मी थेरपी डॉगसोबत काम करतो. स्केलरचा मुद्दा बिनतोड आहे, आमच्या माणसांनीही तो लक्षात ठेवावा. पण थेरपी डॉग म्हणजे गोड स्वभावाचा घरचा कुत्रा नव्हे. त्याची पारख होते, लसी आणि जंताची औषधं वेळेवर होतात, नखं कापलेली असतात, हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस, क्षणभरही बाजूला होत नाही. कुत्रा ताण येऊन ओठ चाटू लागला, सारखी जांभई देऊ लागला, तोंड फिरवलं, की सत्र तिथेच थांबवायचं. मूल रडतंय म्हणून कुत्र्याला ताणायचं नाही. मुंबई विमानतळावर २०२३ पासून असे कुत्रे प्रवाशांना भेटतात, गर्दीतही शांत असतात.

निशिगंध
डॉक्टर, ड्रिल चालू असताना कुत्रा खोलीत नको, हे मान्य. पण घाबरगुंडी उडते ती बाहेर बाकावर, आतल्या पोराचं रडणं ऐकताना. तिथे आणि पहिल्या नुसत्या तपासणीच्या भेटीला कुत्रा असायला काय हरकत? तुमची आरशाची युक्ती उत्तमच. पण दारातच पाय रोवून उभ्या राहिलेल्या मुलापर्यंत ती पोचतच नाही.

बालदंतवैद्य
बाहेरच्या खोलीत, वेगळी वेळ ठेवून, चालेल. पण हँडलरचे पैसे फीमध्येच चढणार. ज्यांची मुलं सर्वात जास्त किडलेले दात घेऊन येतात, त्यांना ते परवडणार नाही. सरकारी दंत महाविद्यालयात सुरू करा, मी स्वतः येईन.

मृण्मयी_ठाणे
वेगळा वार असेल, अपॉइंटमेंट देतानाच सांगितलं असेल, तर माझी हरकत मागे. त्या वारी मी मुलाला आणणार नाही. फक्त त्याला कोणी भित्रा म्हणू नका.